मनीऑर्डर, चेक, डीडी, इसार, हुंडी आणि सुटे पैसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आमच्या वसाहतीच्या वाचनालयात आम्ही काही जण संध्याकाळी पोस्टाचे आणि बँकेचे फॉर्म भरून द्यायला बसतो. घरकाम करणाऱ्या ताई येतात, वागळे इस्टेटमधले कामगार येतात, पेन्शनर आजी-आजोबा येतात, नवी मुंबईत भाड्याने घर शोधणारी तरुण मुलं येतात. खालचे प्रश्न त्यांचेच आहेत. कागद कुठलाही असो, आम्ही पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो: हे पैसे देण्याचा शब्द कोणी दिलाय? पोस्टाने, बँकेने, सरकारने, की समोरच्या माणसाने? एवढं कळलं की कुठली पावती जपायची, कुठे सावध राहायचं आणि पैसे अडले तर कोणाचं दार ठोठवायचं, हे सगळं ठरवता येतं.

मनीऑर्डर बंद झाली ना?

नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये तशा बातम्या आल्या होत्या आणि तेव्हापासून बऱ्याच जणांचा हाच समज आहे. बंद झाला तो कागदी फॉर्मचा प्रवास. पूर्वी तुम्ही ठाण्याच्या पोस्टात भरलेला फॉर्म टपालाच्या थैलीतून गावच्या पोस्टापर्यंत जायचा. तिथला पोस्टमास्तर आपल्याकडच्या रोकडीतून तेवढे पैसे काढून पोस्टमनच्या हाती द्यायचा. म्हणजे तुमच्या नोटा तेव्हाही ठाण्यातच राहत होत्या. प्रवास व्हायचा तो पोस्टाने दिलेल्या शब्दाचा. २००८ पासून तो शब्द संगणकावरून जाऊ लागला आणि त्याला ई-मनीऑर्डर म्हणू लागले. गावाकडच्या टोकाला मात्र तेच घडतं: पोस्टमन दारात येतो, सही किंवा अंगठा घेतो आणि रोख पैसे हातात मोजून देतो.

खर्च किती येतो?

वर्षानुवर्षांचा दर आहे वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे शेकडा पाच. २,००० रुपये पाठवले तर १०० रुपये कमिशन. बँकेतून किंवा मोबाइलवरून पाठवण्याच्या तुलनेत हे महाग आहे, आणि ज्यांच्या घरी मोबाइलवर पैसे घेता येतात त्यांनी हा खर्च करू नये असंच आम्ही सांगतो. पण चालता न येणाऱ्या म्हातारीला बँकेपर्यंत नेण्याचं जीपचं भाडं, तिच्यासोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि तिची दमछाक हे सगळं धरलं, तर शंभर रुपयांत घरपोच रोख ही सेवा स्वस्त ठरते. तिथे हिशेब कमिशनचा नसतो, उंबरठ्याचा असतो.

मनीऑर्डरच्या फॉर्मवर चार ओळी लिहिता यायच्या. ती सोय राहिली का?

तशी नाही. ई-मनीऑर्डरला ठरावीक मजकुरांच्या यादीतून एक निवडावा लागतो. जुन्या फॉर्मच्या खालच्या बाजूला कुपन असायचं. पैसे देताना पोस्टमन ते फाडून घरच्यांना द्यायचा, आणि त्यावरच्या बोटभर जागेत आपल्याकडच्या कित्येक कुटुंबांचा संसार मावला आहे. ‘बियाण्याला पाचशे, आईच्या औषधाला दोनशे, उरलेले वाण्याला’ असा हिशेब, ‘गणपतीला येतो’ असा निरोप. ज्या घरात वाचणारं कोणी नव्हतं तिथे पोस्टमनच तो वाचून दाखवायचा. खालची पोच सही-अंगठ्यासह परत यायची, तेव्हा इकडच्या माणसाच्या जिवात जीव यायचा.

हे आम्ही फक्त आठवणीखातर सांगत नाही. कोकण आणि घाट या दोन्ही भागांची घरं याच कागदावर चालली. चाकरमान्यांच्या पैशावर चालणाऱ्या कोकणच्या अर्थव्यवस्थेला ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ हे नाव पडलं ते उगाच नाही. गिरण्यांच्या काळात मुंबईतून जाणाऱ्या मनीऑर्डरी पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतून जाऊ लागल्या. घाऊक बाजार मुंबईतून वाशी-तुर्भ्याला आले तसे माथाडीही आले. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि दाणा अशा पाचही बाजारांत पाठीवर ओझी वाहणारे हे लोक बहुतेक सातारा-सांगली भागातले. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांची मजुरी मंडळामार्फत मिळण्याची सोय झाली, आणि त्या मजुरीतला मोठा वाटा गावाकडच्या पोस्टात उतरत राहिला. आज कोपरखैरण्यात त्यांची नातवंडं मोबाइलवरून क्षणात पैसे पाठवतात, हे चांगलंच आहे. पण ज्या घरांत पलीकडे मोबाइल चालवणारं कोणी नाही, त्यांच्यासाठी पोस्टाची खिडकी उघडी राहायलाच हवी, असं आमचं ठाम मत आहे.

निरोप हवाच असेल तर सोबत एक पोस्टकार्ड टाका. आम्ही लिहून देतो.

ही सेवा किती जुनी आहे?

पोस्टाने ती १ जानेवारी १८८० पासून हाती घेतली. त्याआधी सरकारी खजिन्यांमार्फत पैसे पाठवता यायचे, पण खजिना गावोगाव नव्हता आणि पोस्ट खेड्यापाड्यांत पोचलं होतं. घाईच्या वेळी तारेची मनीऑर्डर करत. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली.

पोस्टात जाताना सोबत काय न्यायचं?

घेणाऱ्याचं पूर्ण नाव, वाडी किंवा आळीसकट पत्ता आणि पिनकोड. पिनकोड चुकला तर पैसे भलत्याच पोस्टात जाऊन बसतात. नावाबद्दल एक सूचना आम्ही न चुकता करतो: गावात जे नाव चालतं त्यापेक्षा आधार कार्डावर जे आहे ते लिहा. ‘बाळूची आई’ कोण हे पोस्टमनला माहीत असतं, पण तो रजेवर असला की बदलीवर आलेल्या माणसाला कागदच बघावा लागतो. स्वतःचा मोबाइल क्रमांक द्या आणि पावती जपा. तिच्यावरच्या क्रमांकावरून पैशाचा बटवडा झाला की नाही ते पोस्टाच्या संकेतस्थळावर दिसतं.

घेणारं माणूस सापडलं नाही किंवा त्याने नाकारलं, तर रक्कम पाठवणाऱ्याकडे परत येते. कमिशन परत मिळत नाही.

आईचं खातं आहे, पण बँक तालुक्याला. मनीऑर्डर करू की खात्यात टाकू?

खात्यात टाका आणि पोस्टमनला घरी बोलवा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली, तेव्हापासून पोस्टमन आणि डाकसेवक यांच्याकडे बोटाचा ठसा घेणारं यंत्र आलं. आईचं खातं कुठल्याही बँकेत असो, ते आधारशी जोडलेलं असलं की पोस्टमन घरी येऊन ठशावर पैसे काढून देऊ शकतो.

यात दोन अडचणी येतात. शेतात, भांड्यांत, मातीत आयुष्य गेलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र ठसा ओळखत नाही. अशा वेळी सगळी बोटं लावून पाहायला सांगा, अंगठाच हवा असं नाही. तरीही जमलं नाही तर मनीऑर्डर आहेच, कारण तिला कागदावरची सही किंवा शाईचा अंगठा पुरतो. दुसरी अडचण फसवणुकीची. ‘यंत्र चाललं नाही, परत बोट लावा’ असं म्हणून दोनदा पैसे काढल्याचे प्रकार होतात. प्रत्येक ठशानंतर छापील पावती किंवा मोबाइलवरचा संदेश बघितल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट लावायचं नाही, हे आईला स्पष्ट सांगून ठेवा. एरवी आधारचे ठसे बंद करून ठेवण्याची सोयही आहे, ती वापरा.

पोस्टल ऑर्डर म्हणजे मनीऑर्डरच ना?

नव्हे, आणि या गोंधळात लोकांचे अर्ज परत येतात. मनीऑर्डरीत पोस्ट पैसे पोचवतं. पोस्टल ऑर्डर हा पोस्टातून विकत घ्यायचा छापील कागद आहे. तो तुम्ही स्वतः अर्जाला जोडून पाठवता आणि ज्याच्या नावे आहे तो ते पैसे पोस्टातून घेतो. केंद्र सरकारच्या कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करताना १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावतात, ती त्या कार्यालयाच्या लेखाधिकाऱ्याच्या नावे भरायची. महापालिका, तहसील, जिल्हाधिकारी अशा राज्याच्या अखत्यारीतल्या कार्यालयासाठी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवणं सोयीचं. ठाण्यात कोर्ट नाक्याच्या आसपास तो मिळतो.

चेक, धनादेश, डीडी, धनाकर्ष, पे ऑर्डर: यात एकच काय आणि वेगळं काय?

चेक म्हणजेच धनादेश. डिमांड ड्राफ्ट म्हणजेच धनाकर्ष. हिंदी कागदपत्रांत मनीऑर्डरलाही ‘धनादेश’ म्हटलेलं सापडतं. म्हणून केंद्राचा हिंदी फॉर्म भरताना थोडं थांबून वाचा.

खरा फरक शब्द कोणाचा यात आहे. चेक हा खातेदाराचा शब्द: ‘माझ्या खात्यातून याला एवढे द्या.’ खात्यात पैसे नसले तर तो शब्द पोकळ ठरतो. डीडीत पैसे आधीच बँकेने घेतलेले असतात, तेव्हा शब्द बँकेचा. म्हणून कॉलेजं, न्यायालयं आणि टेंडर काढणारी खाती अनोळखी माणसाकडून चेक घेत नाहीत, डीडी मागतात. पे ऑर्डर किंवा बँकर्स चेकही बँकेचाच शब्द. तो त्याच शहरात वटवण्यासाठी देण्याचा रिवाज आहे.

डीडी काढताना दोन नियम लक्षात ठेवा. ५०,००० रुपये आणि त्यावरचा डीडी रोख पैसे देऊन मिळत नाही, खात्यातूनच काढावा लागतो. आणि १५ सप्टेंबर २०१८ पासून काढणाऱ्याचं नाव डीडीच्या दर्शनी भागावर छापलं जातं. चेक आणि डीडी दोन्ही तारखेपासून तीन महिने चालतात. पूर्वी ही मुदत सहा महिने होती, १ एप्रिल २०१२ पासून ती तीनवर आली. मुदत संपली म्हणून डीडीचे पैसे बुडत नाहीत. ज्या शाखेने दिला तिथे जाऊन मुदत वाढवून घ्यायची किंवा रद्द करून पैसे परत घ्यायचे. चेकची मुदत संपली तर मात्र देणाऱ्याकडून नवा चेक घ्यावा लागतो, आणि तो देण्याचं त्याच्या मनात असावं लागतं.

चेक मराठीत लिहिला तर चालतो का?

चालतो. हा प्रश्न इतक्यांदा येतो आणि इतक्या दबक्या आवाजात येतो की उत्तर मोठ्याने द्यावंसं वाटतं. रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट सांगितलं आहे की चेकचे फॉर्म हिंदी आणि इंग्रजीत असतील, आणि ग्राहक हिंदी, इंग्रजी किंवा त्या प्रदेशाच्या भाषेत ते लिहू शकतो. महाराष्ट्रात ती भाषा मराठी. ‘अक्षरी रुपये बारा हजार पाचशे फक्त’ असं लिहिलेला चेक कोणी खिडकीवर नाकारला, तर नाकारण्याचं कारण लेखी मागा. राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे शकाची तारीख घातलेला चेकही बँकांनी स्वीकारायचा असतो.

लिहिताना काळजी तीच. शब्दांच्या मागेपुढे मोकळी जागा सोडू नका, आकड्यानंतर आडवी रेघ ओढा, खाडाखोड करू नका. खाडाखोड झालेला चेक फाडून नवा लिहावा, शेजारी सही करून भागत नाही. आकडा आणि अक्षरं जुळली नाहीत तर कायद्याने अक्षरी रक्कम खरी, पण व्यवहारात बँका असा चेक परत पाठवतात. ५०,००० रुपये किंवा त्यावरचा चेक दिला असेल तर त्याचा तपशील आधी बँकेला कळवण्याची व्यवस्था १ जानेवारी २०२१ पासून आहे. शाखेत जाऊन किंवा मोबाइलवरून ते करून टाका, म्हणजे रक्कम बदलून कोणी चेक वटवू शकणार नाही.

डाव्या कोपऱ्यात दोन रेघा कशाला मारतात?

रेघा मारल्या की पैसे खिडकीवर रोख मिळत नाहीत, खात्यातच जमा होतात. रेघांमध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहिलं की ज्याचं नाव त्याच्याच खात्यात. टपालाने पाठवायच्या किंवा दुसऱ्याच्या हाती द्यायच्या चेकवर हे असलंच पाहिजे.

चेक वटला नाही. आता काय?

आधी बँकेचा परतीचा मेमो घ्या, तारखा त्याच्यापासून मोजायच्या असतात. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस मिळतात. दिले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करायची. १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाचं, म्हणजे चेकसारख्या कागदांच्या कायद्याचं, कलम १३८ म्हणतात ते हेच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तक्रार, ज्या शाखेत *तुमचं* खातं आहे तिथल्या हद्दीत होते. म्हणजे समोरचा नाशिकचा असला आणि तुमचं खातं वाशीला असलं, तर फेऱ्या नाशिकला माराव्या लागत नाहीत.

लोक इथे चुकतात ते ओळखीपाळखीत. ‘देतो रे, जरा थांब’ यात ते ३० दिवस निघून जातात. माणूस ओळखीचा असला तरी नोटीस वेळेत पाठवा, नातं त्यानंतरही सांभाळता येतं. आणि हे कलम देणं असेल तरच लागतं. देणगी किंवा भेट म्हणून दिलेला चेक परत आला तर ही तक्रार होत नाही.

चेक देणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. ‘आज चेक देऊ, वटेपर्यंत पगार येईल’ ही सवय आता सोडावी लागेल. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकची छायाचित्रं दिवसभर सतत पुढे जातात आणि त्याच दिवशी होय-नाही ठरतं. पूर्वी मधे मिळणारे दोन दिवस राहिले नाहीत.

टोकन, इसार, अनामत, डिपॉझिट: घर घेताना सगळे वेगवेगळे शब्द वापरतात.

आणि ज्याला जो सोयीचा तो शब्द वापरतात. घोडबंदरला फ्लॅट बघा नाहीतर घणसोलीत, एजंट पहिल्याच भेटीत ‘टोकन टाका’ म्हणतो. त्या टोकनला लेखी आधार नसेल तर ते नुसते दिलेले पैसे. *इसार* म्हणजे सौदा पक्का केल्याची रक्कम. तिची इसारपावती व्हायला हवी आणि त्यावर मालमत्तेचं वर्णन, ठरलेली एकूण किंमत, पुढच्या रकमेची तारीख आणि सौदा मोडला तर इसाराचं काय हे चारही लिहिलेलं हवं. शेवटचं कलम नसतं, आणि भांडणं तिथेच होतात. *बयाणा* हा त्याचाच दुसरा शब्द.

*अनामत* वेगळी. ती तुमचीच रक्कम दुसऱ्याकडे ठेवलेली, परत मिळायचीच. भाड्याच्या घराचं डिपॉझिट हे अनामत. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली किती कापायचं हे करारात आधी ठरवा. *पागडी* ही जुन्या चाळींमधली पद्धत, तिचे हक्क आणखी निराळे. तो कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

नव्या इमारतीत बिल्डरकडून घर घेत असाल तर रेरा, म्हणजे बिल्डरांना बांधून ठेवणाऱ्या कायद्याने, नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किंमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम तो मागू शकत नाही. आणि घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्यावरची रक्कम रोखीने घेणं-देणं आयकर कायद्यात बसत नाही. दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. ‘थोडे रोख, थोडे चेक’ या सल्ल्याला नकार द्या. रोख दिलेल्या पैशाचा उद्या पुरावा मागितला तर दाखवायला हाती काही नसतं.

हातउसने दिलेले पैसे परत मागायला काय आधार?

काहीतरी लिहून घेतलं असेल तर आहे. उसने पैसे बिनव्याजी, कर्ज व्याजाने, उचल म्हणजे कामाआधी घेतलेली मजुरी. तिन्हींत तारीख आणि रक्कम लिहिलेली साधी वचनचिठ्ठी फार उपयोगी पडते. पैसे खात्यातून दिले तर बँकेची नोंदच साक्ष देते. २०,००० पासून पुढचं कर्जही रोखीने द्यायचं नसतं.

पतपेढीतली ठेव आणि बँकेतली ठेव सारखीच सुरक्षित ना?

नाही. हे आम्ही प्रत्येक निवृत्त माणसाला सांगतो, त्याने विचारलं नाही तरी. बँक बुडाली तर एका बँकेतल्या एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची, त्याआधी १ लाख होती. पतपेढी, म्हणजेच पतसंस्था, या विम्यात येत नाही. शेजारच्या चौकातली पतपेढी चांगली चाललेली असेल, माणसं ओळखीची असतील, व्याज अर्धा टक्का जास्त असेल. तरीही आयुष्याची सगळी पुंजी तिथे ठेवू नका. ‘बँक’ आणि ‘पतसंस्था’ यातला कुठला शब्द पाटीवर आहे ते वाचूनच ठेव ठेवा.

भिशीबद्दल थोडक्यात: ती ओळखीवर चालते. जेवढे बुडाले तर झोप उडणार नाही तेवढेच त्यात घाला.

हुंडी म्हणजे काय? आजोबांच्या दप्तरात सापडली.

हुंडी ही पेढीवरची चिठ्ठी. पुण्याच्या सावकाराने लिहिलेली हुंडी दाखवून दुसऱ्या पेठेतल्या पेढीवर पैसे घेता यायचे, वाटेत चोरांच्या हाती रोकड पडायचा धोका नाही. दाखवताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. या सोयीबद्दल कापून घ्यायची रक्कम म्हणजे हुंडणावळ. पेशवाईत मोठाल्या रकमा अशा फिरत. तुमच्या दप्तरातल्या हुंडीवर आज पैसे मिळणार नाहीत, पण ती फेकू नका. मोडी वाचता येणाऱ्या कोणाला तरी दाखवा, त्यात तुमच्या घराण्याचा व्यापार, नाती आणि गावं सापडतील.

कोणी आज ‘हुंडीने परदेशातून पैसे आणून देतो’ म्हणाला, तर तो हवाला आहे. त्यात पडू नका.

आजी अजून ‘चार आणे’, ‘पावली’ म्हणते. नेमका हिशेब काय होता?

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. दोन आण्यांची चवल, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली, आणि सुटा न केलेला अख्खा तो बंदा रुपया. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, रुपयाचे शंभर ‘नये पैसे’ झाले, आणि १ जून १९६४ पासून ‘नये’ गळून नुसते पैसे राहिले. पावली पंचवीस पैशांना आणि अधेली पन्नासला तंतोतंत बसली. चवलीचे मात्र साडेबारा पैसे होत होते, तिचा मेळ बसेना.

आणे व्यवहारातून गेले तरी कागदात बरीच वर्षं टिकले. पिकाच्या अंदाजाला ‘आणेवारी’ म्हणत, आता सरकारी कागदात ‘पैसेवारी’ येते. गावाकडच्या जमिनीबद्दल फोन आला आणि ‘पैसेवारी पन्नासच्या आत आली’ असं ऐकलंत, तर पीक निम्म्याहून कमी आलंय आणि सवलती मिळण्याची शक्यता आहे, असं समजा.

रिक्षावाला दहाचं नाणं घेत नाही आणि दुकानदार सुट्यांऐवजी चॉकलेट देतो.

दहा रुपयांची सगळी नाणी वैध आहेत, रुपयाचं चिन्ह असलेली, नसलेली, कुठल्याही नक्षीची. खात्रीसाठी रिझर्व्ह बँकेचा १४४४० हा क्रमांक आहे. पन्नास पैशांचं नाणंही अजून कायदेशीर चलन आहे. त्याखालची नाणी ३० जून २०११ ला बंद झाली. कायद्याने एका वेळी रुपया आणि त्यावरच्या नाण्यांत १,००० रुपयांपर्यंतच देता येतात, त्यामुळे पोतंभर चिल्लर घेऊन कोणी आलं तर दुकानदार नाही म्हणू शकतो. चॉकलेटचं मात्र बंधन तुमच्यावर नाही. मोड नसेल तर ती आणण्याची जबाबदारी दोघांनी वाटून घ्यावी. जांभळी नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडे पाचशेची नोट घेऊन पहाटेच जाणं बरोबर नाही.

कपाटात दोन हजाराची नोट सापडली. कामातून गेली का?

गेली नाही. १९ मे २०२३ ला ती चलनातून मागे घेतली, वैधता कायम ठेवली. बँकांच्या शाखा आता ती घेत नाहीत, पण रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत जमा करता येते आणि त्यातलं एक आपल्या सीबीडी बेलापूरला आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने पनवेल बाजूला निघालात की ते गाठता येतं. जाणं शक्य नसेल तर कुठल्याही पोस्टातून नोट रिझर्व्ह बँकेकडे पाठवून रक्कम खात्यात जमा करून घेता येते. ओळखपत्र आणि खात्याचा तपशील तयार ठेवा.

फाटकी किंवा टेप लावलेली नोट मात्र कुठल्याही बँकेत बदलून मिळते. किती भाग शिल्लक आहे त्यावर पूर्ण, अर्धी किंवा शून्य किंमत ठरते.

मोबाइलवरून चुकीच्या नंबरला पैसे गेले.

आधी त्याच नंबरला फोन करून विनंती करा, बरेच लोक परत करतात. लगेच ज्या ॲपमधून पाठवले त्यात त्या व्यवहारावर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही लेखी कळवा. पैसे चुकून गेले नसून कोणी फसवून घेतले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. पहिल्या तासाभरात तक्रार झाली तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. आणि कोणी म्हणालं की तुम्हाला पैसे आलेत, घ्यायला पिन टाका, तर फोन ठेवून द्या. पिन पैसे देताना लागतो. घेताना कधीच लागत नाही.

पावत्या किती दिवस जपायच्या?

मनीऑर्डरची, पैसे पोचल्याचं कळेपर्यंत आणि वर काही महिने. चेक परतीचा मेमो आणि नोटिशीची पोचपावती, प्रकरण मिटेपर्यंत. इसारपावती, मुद्रांक शुल्काचं चलन आणि घराच्या सगळ्या रकमांच्या पावत्या, घर तुमच्याकडे आहे तोवर. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाची शाई वर्षभरात उडते, म्हणून त्याची झेरॉक्स काढून तिच्यावर तारीख लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, कागदी पाकिटात ठेवा, आणि पाकीट कुठे आहे ते घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.